गोलामागची चकती

ओरेस्ट पिडलुब्नी गावच्या कोठारावर गव्हाचे ट्रक तोलायचा आणि हिवाळा लागला की बर्फावर हॉकीत मागची बाजू राखायचा. या खेळात चेंडूऐवजी रबरी चकती; समोरच्यांनी ती ओरेस्टच्या संघाच्या गोलामागे भिरकावली की आणायची ओरेस्टनंच. पाठीवर दोघे दोघे आदळत, मैदानाभोवतीच्या कठड्यावर गाल घासे, पण गडी चकती घेऊनच वळायचा. मग टाळ्या. त्या टाळ्यांवर त्याचा अख्खा हिवाळा निघे.

पुढं लॉर्न हाउगेन गोलरक्षक म्हणून आला. ताडमाड, मितभाषी. हा पठ्ठ्या गोल सोडून मागं जाई, चकती स्वतःच अडवी आणि अशी लांब सरकवी, की समोरचे वळेपर्यंत आपले गडी त्यांच्या गोलाशी पोचलेले. पूर्वी ओरेस्ट चकती आणी तोवर समोरचे परतून भिंतीसारखे उभे राहत. आता मोकळं रान मिळू लागलं. संघ जिंकत सुटला. टाळ्या लॉर्नला. ओरेस्ट अर्ध्या वाटेवरून रिकामाच माघारी.

पेरोगी, बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, वाढताना बायको, स्टेफका, म्हणाली, "बरं झालं की. मार तरी वाचला तुझा."

"मार माझा होता," म्हणत त्यानं ताट सारलं.

एक काम तेवढं उरलं होतं. गोलामागं गेलेल्या गोलरक्षकाचं तोंड कठड्याकडं असतं. पाठीवर कोण येतंय ते बचाववाल्यानं ओरडून सांगायचं.

हंगामाचा शेवटचा सामना, शेजारच्या गावाशी, बरोबरीत. लॉर्न मागं गेला. त्यांचा एक दांडगा सुसाट येताना ओरेस्टला लख्ख दिसला. त्यानं तोंड उघडलं, आणि मिटलं. लॉर्न आपटला, चकती निसटली, गोल उघडाच. हरले.

कपडे बदलायच्या खोलीत प्रशिक्षकानं विचारलं, आरोळी कुणी दिली नाही का? खांद्यावर बर्फ धरून लॉर्न म्हणाला, "ओरेस्ट ओरडला होता. मलाच ऐकू आलं नाही."

जो तो लॉर्नची पाठ थोपटू लागला. चकती नेली, टाळ्या नेल्या, आता दोषही हाच मिरवणार? ओरेस्टचा तिळपापड झाला. तो ताडकन उठला.

"खोटं बोलतोय. मी गप्प बसलो होतो. मुद्दाम."

पुढच्या हिवाळ्यात प्रशिक्षकानं त्याला बाकावरच बसवलं. गावात मात्र नाव झालं: एवढ्या जणांसमोर खरं बोलला, ओरेस्टसारखा सरळ माणूस नाही. कुणी स्टेफकासमोर असं म्हटलं, की ती पेरोगीच्या सारणाची चव घेत शांतपणे सांगते, "सरळ कसला? जळका आहे तो."