पेवातल्या तबकड्या

गहिनीनाथ पेवात उतरला की सरस्वतीबाई असतील तिथून कान द्यायच्या. आधी तोंडावरचा दगड सरकल्याचा आवाज, मग दोराचा, मग बराच वेळ काहीच नाही, आणि शेवटी त्याचं खोकणं. ते खोकणं ऐकू आलं की त्या पुन्हा कामाला लागायच्या.

अंगणाच्या कोपऱ्यातलं ते पेव म्हणजे ज्वारी साठवायला जमिनीत खोदलेला मोठा रांजणच. तोंड जेमतेम एक माणूस उतरेल एवढं, आत दोन पुरुष खोल आणि ऐसपैस. भरलेल्या, बंद पेवात ज्वारीची जड हवा कोंडते. म्हणून दगड काढून ते दिवसभर उघडं ठेवायचं, मग दोराला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही. वीस वर्षांपूर्वी सरस्वतीबाईंच्या धाकट्या दिरानं, पंडितनं, घाई केली होती. त्याला काढायला मागोमाग सालगडी उतरला. दोघांनाही संध्याकाळी अंगणात शेजारी शेजारी निजवलं होतं. गहिनीनाथ तेव्हा सहा वर्षांचा होता आणि आईचा पदर धरून सगळं बघत होता.

त्याच पेवात त्यानं मोठेपणी विलायती गाण्यांच्या तबकड्या ठेवाव्यात, हे कुणाला सांगून पटलं नसतं. पण त्याला कारण दुष्काळ होता.

लिंबागणेशच्या अलीकडच्या त्या गावात गहिनीनाथ सहकारी सोसायटीचा सचिव होता. बहात्तर साली विहिरी तळाला गेल्या तेव्हा परदेशातल्या कुठल्याशा संस्थेनं बोअर घ्यायची गाडी पाठवली. गाडीबरोबर आलेला डेरेक साहेब चार महिने सोसायटीच्या गोदामात राहिला. दिवसभर खडक फोडून आला की तो बॅटरीवर चालणारा प्लेअर लावायचा. गोदामाची किल्ली गहिनीनाथकडे, त्यामुळे तोही तिथंच. साहेबाला मराठी येत नव्हती, याचं इंग्रजी मॅट्रिकपुरतं. पण कोणता माणूस कुठं फुंकतो, कुठं थांबतो, हे बोटानं दाखवून शिकवता येतं. जाताना साहेबानं प्लेअर, एकेचाळीस तबकड्या आणि स्वतःचा रुंद कातडी पट्टा त्याला देऊन टाकला. पुढे गहिनीनाथनं बीडच्या जुन्या बाजारातून आणि औरंगाबादच्या रद्दीवाल्यांकडून आणखी वीस-बावीस जमवल्या.

गोदामावर पत्रे होते. पहिल्याच वैशाखात दोन तबकड्या उन्हानं पापडासारख्या वाकल्या. गहिनीनाथ दोन दिवस नीट जेवला नाही. घरातली थंड जागा म्हणजे देवघर, जाड मातीच्या भिंतींचं. तिथं तबकड्यांची पेटी ठेवू का, असं त्यानं विचारलं, तेव्हा सरस्वतीबाईंनी साफ नाही म्हटलं. कुठल्या लोकांची गाणी, कुणी कुठं गायलेली, ती देवाशेजारी नकोत. तो वाद घालणारा मुलगा नव्हता. त्या वर्षी पेव रिकामं होतं. पत्र्याची पेटी घोंगडीत गुंडाळून त्यानं तळाशी नेऊन ठेवली.

सुरुवातीला सरस्वतीबाई दर वेळी कंदील सोडायला लावत. रिकाम्या पेवात कंदील देवळातल्या समईसारखा संथ जळायचा. महिना गेला, दोन गेले. रॉकेल कार्डावर मिळत होतं, तेही मोजकं. एक दिवस त्याच म्हणाल्या, राहू दे, कशाला जाळतोस, आत काही नाही. हे आपणच बोललो होतो, हे पुढे त्यांना कधी विसरता आलं नाही.

संध्याकाळी तो ओसरीवर तबकडी लावायचा आणि त्यांना समजावायचा. सरस्वतीबाईंना मराठी अक्षरओळख तेवढी होती, पण लेबलं त्या रंगावरून ओळखायला लागल्या. निळ्या-पांढऱ्या लेबलाची कंपनी त्याची सगळ्यात आवडती. तिथं म्हणे माणसाला खोलीत बसवून वाजवायला सांगतात आणि खोलीसकट आवाज धरतात. तुतारीवाला फुंकायच्या आधी श्वास घेतो, तोसुद्धा. नारिंगी-काळ्या लेबलावर वाद्यं मोठी, पण सगळी पुढंपुढं करणारी. इथल्याच, दमदमच्या कारखान्यात निघालेली तबकडी कधी घ्यायची नाही असं नाही, पण तिच्यात वरचा सूर बोथट होतो आणि पुठ्ठाही पातळ. जॅझ म्हणजे भजनी मंडळ, एकजण पुढं आला की बाकीचे त्याला सांभाळून घेतात. रॉक म्हणजे सोसायटीची सर्वसाधारण सभा, सगळे एकदम उठतात. तरी दोन रॉकच्या तबकड्या त्याला जिवापाड होत्या, कारण त्या सभेत म्हणे शेवटी ठराव पास होतो. आणि कुठलीही तबकडी बाहेरच्या कडेला चांगली वाजते, मधल्या छिद्राजवळ रेघा दाटतात, म्हणून शहाणी कंपनी चांगलं गाणं आधी ठेवते.

सरस्वतीबाईंना यातलं फारसं पटत नसे. त्या श्वासाची तर त्यांना भीतीच वाटायची. न दिसणारा माणूस आपल्या ओसरीवर श्वास घेतो, हे त्यांना बरं वाटत नव्हतं.

त्र्याहत्तरला पाऊस झाला. माघात ज्वारी घरात आली आणि आश्रुबांनी, गहिनीनाथच्या वडिलांनी, दोन वर्षांनी पेव भरलं. निम्म्यापर्यंत ज्वारी आली. उन्हाळा तोंडावर होता, तेव्हा गहिनीनाथनं पेटी ज्वारीवर ठेवली आणि दगड बसवून शेणमातीनं लिंपून घेतला. बाहेर ठेवलेल्या सहा तबकड्या त्याला तीन महिने पुरणार होत्या.

वैशाखात एका दुपारी बीडहून राधाकिशन आला. त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि जिल्ह्यात गहिनीनाथशी या विषयावर भांडू शकणारा तो एकटाच. सरस्वतीबाई आत चहा करत होत्या. ओसरीवरचं बोलणं नेहमीचंच होतं. राधाकिशनचं म्हणणं, दमदमची तबकडी आणि विलायतेची तबकडी यांत फरक नसतो, गहिनीनाथला लेबल बघून ऐकू येतं.

"गावात बसून तुला काय कळतंय बे? दोन्ही एकाच साच्यातून निघतात."

"साचा एक असंल. दाबणारा हात एक न्हाई," गहिनीनाथ म्हणाला.

"मग ऐकव की. डोळं झाकून बसतो मी."

"दोन्ही खाली हायेत. आणतो, थांब."

सरस्वतीबाईंनी कुदळीचे दोन-तीन घाव ऐकले, मग दगड सरकल्याचा आवाज ऐकला. शंभर वेळा ऐकलेला आवाज. त्या चहात साखर टाकत राहिल्या. मग दोराचा आवाज आला. तिसऱ्या कपात चहा ओतताना त्यांना आठवलं की पेवात आता ज्वारी आहे.

त्या अंगणात आल्या तेव्हा राधाकिशन पेवाच्या तोंडाशी वाकून हाका मारत होता. आत अंधार होता आणि आंबूस वास वर येत होता. खोकणं ऐकू आलं नाही.

"मला वाटलं पेटी शोधतोय," राधाकिशन म्हणाला आणि दोराला हात घातला.

सरस्वतीबाईंनी त्याला मागे खेचलं आणि स्वतः तोंडावर आडव्या बसल्या. त्यांची हाक ऐकून शेजारचा सटवा आला, गोठ्यातून आश्रुबा धावत आले. आश्रुबांनी धोतर कमरेला खोचलं.

"सरक. पोरगं हाय माझं."

"माझं बी हाय," सरस्वतीबाई म्हणाल्या. "कुणी उतरायचं न्हाई. सटवा, गळ आण, पळ. अन् घोंगडी आणा कुणीतरी."

आश्रुबांनी त्यांचा दंड धरून ओढलं. त्या हलल्या नाहीत. त्यांना अंगणात निजवलेले ते दोघे दिसत होते आणि त्यांतल्या दुसऱ्याचं नावही नीट आठवत नव्हतं, याचीच जास्त भीती वाटत होती. माणूस माणसामागोमाग उतरतो, तेव्हा त्याला थांबवणारं कुणीतरी तोंडावर लागतं. पंडितच्या वेळी कुणी बसलं नव्हतं.

राधाकिशननं घोंगडी दोराला बांधली. आश्रुबांनी एकदाच बायकोकडे बघितलं आणि मग दोर हातात घेतला. घोंगडी आत सोडायची आणि सरकन वर ओढायची, खालची हवा घुसळून बाहेर काढायची. दोघं वेड्यासारखे ते करत राहिले. सटवानं गळ आणला, विहिरीत पडलेली बादली काढायचा, चारी बाजूंनी आकडे असलेला. सरस्वतीबाई पालथ्या झोपून, तोंड पदरानं झाकून खाली बघत होत्या. डोळे सरावले तेव्हा ज्वारीवर पांढरा सदरा दिसला. तो पेटीवर पडला होता, एक हात पेटीच्या कडीत.

गळ दोनदा घसरला. तिसऱ्यांदा सदऱ्यात अडकला आणि सदरा टरकन फाटला. चौथ्यांदा सरस्वतीबाईंनी सटवाच्या हाताला हात लावून दोर जरा डावीकडे नेला. आकडा साहेबाच्या कातडी पट्ट्यात बसला. तो पट्टा घरात घालू नकोस म्हणून त्यांनी वर्षभर मुलाचं डोकं खाल्लं होतं.

तिघांनी ओढून त्याला वर घेतलं. ओठ निळे होते. सटवानं त्याला पालथं घातलं, पाठ चोळली, तोंडावर पाणी मारलं. किती वेळ गेला हे नंतर प्रत्येकानं वेगवेगळं सांगितलं. मग तो खोकला. आश्रुबा तिथंच खाली बसले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढून तोंडावर धरली.

सोसायटीच्या ट्रॅक्टरवरून त्याला दवाखान्यात नेलं. दोन दिवस उलट्या आणि डोकेदुखी. तिसऱ्या दिवशी घरी आला तेव्हा त्यानं पेटीबद्दल विचारलं नाही, आणि त्याचंच सरस्वतीबाईंना जास्त भय वाटलं.

पेव तीन दिवस उघडं होतं. चौथ्या दिवशी त्यांनी कंदील सोडला. तो संथ जळला. तरी पुन्हा तीनदा सोडला, रॉकेलची पर्वा न करता. मग सटवाला कमरेला दोर बांधून उतरवलं आणि पेटी वर आली. त्यांनी घोंगडी झटकली, पत्रा ओल्या फडक्यानं पुसला आणि देवघरात कोनाड्याखालची घागर हलवून पेटी तिथं ठेवली.

"इथं कावून ठेवली, माय?" गहिनीनाथनं दारातून विचारलं.

"थंड जागा हाय," त्या म्हणाल्या.

आठवड्यानं राधाकिशन पुन्हा आला. ओशाळून बसला, वादाचं नाव काढेना. गहिनीनाथनंच दोन्ही तबकड्या काढल्या आणि त्याला डोळे झाकायला सांगितले. राधाकिशन दोन्ही वेळा चुकला, की मुद्दाम चुकला, कुणास ठाऊक. शेवटी त्यानं निळ्या-पांढऱ्या लेबलाची लावायला सांगितली.

सरस्वतीबाई चुलीपाशी होत्या. तबकडीची खरखर सुरू झाली आणि मग तुतारीवाल्यानं श्वास घेतला. त्यांनी परात खाली ठेवली. तो पुन्हा श्वास घेईपर्यंत त्या थांबल्या. बाजू संपून सूर थांबला आणि ओसरीवर एकदम शांतता झाली, तेव्हा त्या पिठाच्या हातानं उठून दारापर्यंत आल्या. गहिनीनाथ तबकडी उलटी करत होता. त्यानं वर बघितलं.

"काय झालं, माय?"

"काय न्हाई. जरा खोकून दाखव," त्या म्हणाल्या.

राधाकिशनला हसू आलं, पण गहिनीनाथ हसला नाही. तो खोकला. मग त्यानं दुसरी बाजू लावली.