हातमोज्यातली मूठ

नवजात बाळांच्या कक्षात मी नर्स म्हणून लागले, त्याला आता बरीच वर्षं झाली. माहेर माझं घुग्घुसचं, कोळशाच्या खाणींच्या गावचं. ट्रकच्या भोंग्यांवर आवाज चढवून बोलायची तिथली सवय, त्यामुळे माझं बोलणं चार घरं ओलांडून जातं. कक्षात शिरले की मात्र आवाज आपोआप खाली येतो. चिडलेलं बाळ शांत करावं तर मीच, असं आमच्या दवाखान्यात सगळे मानतात आणि मीही मानते. खोटी नम्रता मला जमत नाही.

आमच्याकडे जंगलातल्या गावांतून दिवस भरण्याआधीच जन्मलेली बाळं येतात. श्वास पुरत नाही, म्हणून नाकात दोन बारीक नळ्या बसवून त्यांना दाबाने हवा द्यावी लागते. यंत्राची एक नळी पाण्याच्या बाटलीत बुडवलेली असते. तिथे बुडबुडे येत राहिले की समजायचं, हवा पोचतेय. बाळाने चिडून मान झटकली की नाकातल्या नळ्या सरकतात, बुडबुडे थांबतात आणि बाळ निळं पडू लागतं. म्हणून मी आधी कारण शोधते. नाक चोंदलंय का, दुपटं ओलं आहे का, पाय गार आहेत का, टोपी रुततेय का. मग एक तळहात डोक्यावर, दुसरा पावलांशी ठेवायचा आणि गप्प उभं राहायचं. थोपटायचंसुद्धा नाही. बहुतेक बाळं पाच मिनिटांत निवतात.

एक निवलं नाही. जीव ओंजळीएवढा, पण दंगा असा की विचारू नका. सकाळपासून मी सगळं करून पाहिलं. नळ्यांचं माप बदललं, नाक साफ केलं, कापडाच्या गुंडाळ्या भोवती लावल्या, आईचं दूध काढून बोळ्याने ओठांना लावलं. नळ्या ओढू नयेत म्हणून हातात कापडी मोजे पहिल्या दिवसापासून होतेच. ते मीच शिवते.

दुपारी डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, थकून राह्यला तो. घशात नळी टाकून चंद्रपूरले न्या लागन."

चार तासांचा रस्ता. एवढ्याशा जिवाला तो झेपेलच असं नव्हतं. मला भीती वाटली, आणि त्याहून जास्त स्वतःचाच राग आला.

निघण्याआधी आईने एकदा पाहावं म्हणून तिला हात धुवायला लावून आत घेतलं. जंगलातल्या गावची, पहिलटकरीण, अंगाने काटकुळी. मी बजावलं, "माय, पाहून घे, पण हात नको लावजो."

ती पाहत राहिली. मग बाळाला उबेत ठेवलेल्या काचेच्या पेटीच्या गोल खिडकीतून हात आत घातला आणि माझ्या डोळ्यांदेखत बाळाचा मोजा ओढून काढला.

"अवं, काय करून राह्यली?" माझा घुग्घुसचा आवाज सुटलाच. "नळी ओढन ना तो!"

"हात बांधले तुमी त्याचे," ती म्हणाली. "मंग काय धरन तो?"

तिचा हात बाहेर काढायला मी पुढे झाले आणि थबकले. बाळाने तिच्या बोटाभोवती मूठ आवळली होती. पाय झाडणं थांबलं, मान स्थिरावली. मी नळ्या नीट बसवल्या आणि बाटलीत बुडबुडे सुरू झाले. ऑक्सिजनचा आकडा ऐंशीच्या घरातून हळूहळू नव्वदच्या पुढे गेला आणि टिकला.

डॉक्टर म्हणाले, "अर्धा तास पाहू." अर्ध्याचा एक झाला, एकाचे दोन. ॲम्ब्युलन्सवाल्या भाऊंना शेवटी परत पाठवलं. दुसरा मोजा मी स्वतः काढला. इतकी वर्षं मी बाळांचे हात बांधून ठेवत होते आणि चिडण्याचं कारण दुसरीकडे शोधत होते. चुकलं ते चुकलंच.

दिवस कलला तरी बाई तशीच उभी, हात खिडकीत. मी हळूच म्हटलं, "माय, आता सोड. झोपला तो."

"मी कुठी धरलं?" ती म्हणाली. "त्यानंच धरून ठेवलं ना मले."

बाळंतीण बाई दुपारपासून उभी होती, आणि बसतेस का म्हणून मी एकदाही विचारलं नव्हतं. मी स्टूल आणून तिच्या मागे ठेवलं.