बादलीबाई आणि माझा डावा पाय

पनवेलच्या दवाखान्यातल्या नर्सबाई माणसाचा पाय आधी बघायच्या, तोंड मागाहून. बाजारात समोर उभा राहिलो तर ओळख नाही. लेंगा वर केला की लगेच, "अरे, गणूभाऊ होय!" हातात कायम बादली, म्हणून आम्ही त्यांना बादलीबाई म्हणायचो. तोंडावर नाही.

माझ्या डाव्या पायाला हत्तीरोग. नव्वद सालाच्या सुमाराला तो गुडघ्यापर्यंत फुगलेला. महिन्या-दोन महिन्यांनी लाल व्हायचा, हुडहुडी भरून ताप, चार दिवस आडवा. मिठागराच्या मुकादमाने सांगून टाकलं, "गणू, आता परत पडलास तर मी दुसरा माणूस घेनार." तीस वर्षं मीठ ओढलेलं मी. घरी बसणारा माणूस नव्हे.

औषध माझं मीच करत होतो. आम्ही मिठागरवाले काही झालं की पाय खाऱ्या पाण्यात बुडवतो. मी रोज तासभर बुडवायचो. बाईंना सुनावलं, "मीठ मासा टिकवतं, मंग पाय नाय टिकवनार?"

"टिकवील की! सुका बोंबील होईल पायाचा," बाई म्हणाल्या आणि भेगा दाखवल्या. "डास चावला, सूज आली, ती आता पुरती जायची नाही. पण ताप या भेगांतून शिरतो. तेवढं दार तरी लावा."

त्यांनी बादली ओढली. परक्या बाईने माझा पाय धुवायचा? मी मागे घेतला.

"पाया पडत नाहीये तुमच्या. मळ काढतेय. करा पुढे."

साधं पाणी, साबण, एकेक घडी, एकेक बोटाचं बेचकं. मग मऊ फडक्याने टिपायचं. मी जोरात पुसलं की ओरडायच्या, "टोप घासताय का?"

त्यांना खोटं पाडायचं म्हणून मी रोज घरी तसंच केलं. तीन महिने ताप आला नाही. मी बाईंना ते सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. भेगा बघून "बऱ्यायत" म्हणाल्या.

काही वर्षांनी त्यांची बदली झाली. आम्ही जाड पायवाले साडी-नारळ घेऊन गेलो. बाईंनी आधी सगळ्यांना लेंगे वर करायला लावले. माझ्या करंगळीपाशी ओल निघाली.

"गणूभाऊ, मी अजून गाडीत बसलेसुद्धा नाही!"

मला कोणी चारचौघांत बोललेलं मी ऐकून घेत नाही. त्या दिवशी घेतलं. बाकावर बसून बेचकं कोरडं केलं, मग नारळ दिला.

पाय अजून जाडच आहे. मुकादम माझ्या आधी घरी बसला. पुढे मिठागर बंद झालं, त्या दिवशीही मी कामावर होतो.