उजेडाचा पंप आणि काकूंचा डोळा

आभारप्रदर्शनाची मला आता किळस येते. शाल, नारळ, पुष्पगुच्छ मी निमूटपणे घेते. पण शेवटी माइक धरून दुसऱ्याचं भाषण चावून परत वाढणारा माणूस दिसला, की मी दाराकडे सरकते.

लंडनमध्ये, वेम्बलीच्या एका हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळाने मला माझ्या कामावर बोलायला लावलं. मिठागरासारख्या खारट पाण्यात जगणारे सूक्ष्मजीव मी लॅबमध्ये वाढवते. त्यांच्या पेशीच्या पातळ आवरणात एक जांभळं प्रथिन असतं. उजेड पडला की ते आतला प्रोटॉन बाहेर ढकलतं, हातपंपासारखं. बाहेर साठलेले प्रोटॉन परत आत घुसतात आणि त्या ओघावर पेशी आपली ऊर्जा बनवते. आपल्या डोळ्यात त्याचं एक लांबचं भावंड आहे, पण ते पंप नाही, फक्त उजेडाची वर्दी देतं. हे मी मुद्दाम दोनदा सांगितलं.

आभार मानायला एक निवृत्त डॉक्टर उठले. "ताईंनी आज सायंटिफिकली प्रूव्ह केलं, आपल्या डोळ्यातसुद्धा सोलर पंप आहे! पूर्वज उगाच सूर्याकडे बघत नव्हते. रोज सकाळी दहा मिनिटं, विदाउट ग्लासेस!" टाळ्या पडल्या. मी "अहो, असं नाही" म्हणेपर्यंत लोक साबुदाणावड्यांच्या रांगेत होते. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि वर माझं नाव!

पिनरमधल्या माझ्या शेजारच्या काकू त्या दिवशी पहिल्या रांगेत होत्या. त्यांचा डावा डोळा गेलाय, उजवा डोळ्यात घ्यायच्या इंजेक्शनांवर टिकून होता. पुढच्याच आठवड्यात कुंपणापलीकडे पाहिलं तर काकू बागेत उभ्या, तोंड थेट सूर्याकडे, गालांवरून पाणी वाहतंय.

"काकू, डोळे मिटा आधी!"

"अगं, अपॉइंटमेंट कॅन्सल केली मी. डोळ्यात सुई नको वाटते. तूच प्रूव्ह केलंस ना?"

त्यांना गाडीत बसवता बसवता मी त्या आभारवाल्या डॉक्टरांना फोन लावला. "मी फक्त तुमचाच मुद्दा पुढे नेला," ते म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन कापला तरी तो गुळगुळीत आवाज कानाला चिकटून राहिला.

हॉस्पिटलच्या वाटेवर काकूंनी मान वाकडी करून मला डोळ्याच्या कडेने शोधलं.

"मधे नुसतं काळं दिसतंय गं. पंप सुरू व्हायला थोडे दिवस लागत असतील, नाही?"