मोहाचे फडके

तळोद्यात आमच्या शेजारी एक बाई राहते, मूळची सातपुड्यातली. बोलणे मोजके, परंतु कोणतीही वस्तू हाती आली की आधी ती नाकाशी नेण्याची सवय पक्की. माझी नवी क्रमिक पुस्तकेही तिने हुंगून पाहिली आहेत.

चैत्रात ती अंगणात फडके पसरून त्यावर मोहाची फुले वाळत घाली. ताज्या मोहाचा वास गोड असतो. उन्हात तो दाट होतो आणि साऱ्या गल्लीला कळतो. एकदा तो आबकारीच्या शिपायालाही कळला.

"मावशी, दारू गाळानी शे का?"

"दारू कोन पेस, भाऊ? हाऊ वास उना का मन्ही माय आंगनमा उभी ऱ्हास." तिची आई जाऊन वर्षे झाली होती; हा वास आला की ती तिला अंगणात उभी दिसे.

"कायदा शे, मावशी. फुलं मी लई जास."

मी रदबदलीसाठी उठलो, तर तिने हातानेच मला थांबवले. सगळी फुले तिने स्वतः त्याच्या पोत्यात ओतली, एकही मागे ठेवले नाही. मग रस मुरून चिकट झालेल्या फडक्याची घडी करून ती तिने काखेत धरली. शिपायाने तिकडे बोट दाखवले.

"कायदामा फडकं शे का?" तिने विचारले.

शिपायाने थोडा विचार केला आणि पोते उचलले. ते फडके धुतलेले मी आजवर पाहिलेले नाही.