तू गेल्यावर घरातलं काम कोण करणार?

कुंदा मिठबावकर बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या घाटकोपरच्या आमच्या महापालिकेच्या शाळेत, शिक्षकखोलीतल्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं एक कागद चिकटवत होत्या. मी गणिताचा शिक्षक म्हणून नुकताच रुजू झालो होतो. अंगात नवी नोकरी भिनलेली, त्यामुळे ओळख करून देताना मी जरा ताठच उभा होतो. बाईंनी मागे वळून पाहिलं आणि विचारलं, "कदमसर, तुम्ही दिवसभर इथे, मग घरातलं तुमचं काम कोण करतं?" मी म्हटलं, "घरात मला काही कामच नसतं, बायको करते सगळं." बाई हसल्या नाहीत. "बरं आहे," एवढंच म्हणाल्या आणि कागदाचा चौथा कोपरा चिकटवून टाकला.

बाईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत, त्यानिमित्त हा गौरवग्रंथ निघतो आहे. समितीनं मला पत्रात 'प्रेरणादायी आठवणी लिहाव्यात' असं कळवलं आणि 'प्रेरणादायी' या शब्दाखाली रेघही मारली. समितीतल्या एका जुन्या सहकाऱ्यानं फोन करून वर सांगितलं, "कदम, ते माहुलचं प्रकरण नको हां यार, मंगल कार्य आहे." मी हो म्हटलं. मग लिहायला बसलो आणि कळलं, की ते सोडून लिहायचं तर मला बाईंबद्दल काहीच खरं लिहिता येणार नाही. समितीची क्षमा मागतो.

त्या कागदाबद्दल आधी सांगायला हवं. बाई भूगोल शिकवत. एक परदेशी शिक्षणसंस्था आपल्याकडच्या काही विद्यार्थ्यांना दहा महिने जर्मनीत नेत असे. तिथल्या कुटुंबात राहायचं, तिथल्या शाळेत जायचं. अशा जागा मोठ्या फीच्या शाळांनाच जायच्या. बाईंनी त्या संस्थेला पत्रांवर पत्रं लिहून आमच्या शाळेसाठी दरवर्षी एक जागा मिळवली. अर्जात छंद, ध्येय, इंग्रजीचे गुण असलं सगळं विचारलेलं असे. बाई ते भरून घेत आणि मग स्वतःचा एक प्रश्न विचारत, "तू गेल्यावर घरातलं काम कोण करणार?"

आमची पोरं बुजायची. कारण आमच्या पोरांना घरात काम असतं. कुणी नळावर पाणी भरतं, कुणी धाकट्याला बालवाडीत सोडतं, कुणी अंथरुणावरच्या आजीचं सगळं करतं. खर्च ती संस्था करायची, व्हिसाचं बाई बघायच्या, पण पाण्याचा हंडा कोण उचलणार, हे कुठल्याच अर्जात नव्हतं. बाई त्या घरी जायच्या, चहा घ्यायच्या, कामं लिहून काढायच्या आणि प्रत्येक कामापुढे कुणाचं तरी नाव घालायच्या. तोच कागद कपाटाला लागायचा. ज्याचं काम झालं त्यानं बरोबरची खूण करायची.

मी आलो त्या वर्षी मंगल नावाची मुलगी जर्मनीला गेली होती. तिच्या घरचं पाणी वर्गातल्या मुली पाळीपाळीनं भरत आणि रविवारी मुलुंडहून येऊन बाई स्वतः भरत. मंगलची आई संकोचून म्हणाली, "अगो बाई, तुम्ही हंडा उचलतलास?" मालवणच्याच होत्या दोघी. बाईंनी हंडा कमरेवर घेतला आणि म्हणाल्या, "माका कंबर नाय काय?" मंगल परत आली तेव्हा सगळे तिला बर्फ पाहिलास का, चॉकलेट आणलंस का विचारत होते. बाईंनी विचारलं, "त्यांच्या घरात तू कोणतं काम करायचीस?" मंगल म्हणाली, "कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकायचे, बाई. एक डबा चुकला तर ती बाई चिडायची." बाई खूश झाल्या. म्हणाल्या, "शिकलीस गं काहीतरी. इथे आपण सगळं एकाच डब्यात भरतो आणि कांजूरच्या कचराडेपोला पाठवतो." मी कांजूरमार्गलाच राहतो, म्हणून सगळी शिक्षकखोली माझ्याकडे बघून हसली.

हा प्रश्न बाईंना कुठून सुचला, हे त्यांनी एकदाच सांगितलं, तेही पेपर तपासताना, मान वर न करता. तरुणपणी शिक्षकांच्या एका परदेशी अभ्यासक्रमासाठी त्यांची निवड झाली होती. घरी आई अंथरुणाला खिळलेली. "आईचं कोण करणार, हे कोणीच विचारलं नाही, आणि मीही कोणाला विचारलं नाही. गेले नाही, झालं." पुढे आई गेली, बाई एकट्याच राहिल्या. त्यांचा पासपोर्ट आजतागायत निघालेला नाही.

आता माहुल.

अश्विनी आमच्या नववीतली मुलगी. घाटकोपरला पाइपलाइनच्या कडेला त्यांचं घर होतं, ते पालिकेनं पाडलं आणि बदल्यात तिला व तिच्या आईला दूर माहुलला खोली मिळाली. वडील नव्हते. शाळा बदलायला अश्विनी तयार नव्हती, दोन बस बदलून यायची. आईला, सुरेखाताईंना, टीबी झाला होता. गोळ्यांनी मळमळायचं, म्हणून सुरेखाताई त्या चुकवायच्या. रोज सकाळी अश्विनी समोर उभी राहून गोळ्या गिळायला लावायची आणि मगच शाळेला निघायची. तिची जर्मनीला निवड झाली तेव्हा बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. अश्विनी म्हणाली, "एकच काम आहे बाई. आईवर लक्ष ठेवायचं."

बाईंनी यादी केली. रोजचा फोन अश्विनी करील. महिन्यातून एकदा बाई सुरेखाताईंना दवाखान्यात नेतील. आणि दर मंगळवारी व शुक्रवारी कुणीतरी घरी जाऊन गोळ्यांची रिकामी पाकिटं बघेल, चार शब्द बोलेल. "हे कोण करेल?" बाईंनी शिक्षकखोलीत विचारलं. मी हात वर केला. खरं सांगतो, बाईंसमोर चांगलं दिसावं म्हणून केला.

दोन महिने मी नेमानं गेलो. सुरेखाताई पाकिटं मांडून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "बघा सर, पोरीपेक्षा तुमचीच भीती वाटते." मग सहामाही परीक्षा आली, पेपरांचे गठ्ठे आले. शाळेतून माहुल मला उलट दिशेला, तिथून कांजूरला परतायला अर्धी संध्याकाळ जायची. एक मंगळवार चुकला. शुक्रवारी जीवावर आलं. सुरेखाताई फोनवर "बरं आहे सर" म्हणाल्या आणि मी तेच धरून बसलो. पण कपाटाचं दार उघडून बरोबरची खूण मात्र दर वेळी केली. बाई विचारायच्या, "माहुल ठीक?" मी म्हणायचो, "एकदम झकास." हा शब्द मी वापरला होता, म्हणून तसाच लिहितो.

त्या दिवसांत बाई आजारी होत्या, त्यांना दोन महिने सुरेखाताईंना दवाखान्यात नेता आलं नाही. त्यांचा माझ्या खुणांवर भरवसा होता. जानेवारीत सुरेखाताईंना खोकल्यातून रक्त पडलं. शेजाऱ्यांनी त्यांना रुग्णालयात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. अश्विनीला जर्मनीहून बोलावून घेतलं. ती पोचली तेव्हा आई शुद्धीवर नव्हती, आणि चौथ्या दिवशी गेली. खोलीत पत्र्याच्या डब्यात न उघडलेली पाकिटं सापडली. बाईंनी ती हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि परत डब्यात ठेवली.

दुसऱ्या दिवशी बाई शिक्षकखोलीत आल्या, कपाटाच्या दाराचा कागद काढला, घडी करून पर्समध्ये ठेवला. मी तिथेच होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी पेपरांचा गठ्ठा उचलला आणि वर्गावर गेलो.

पालकांची सभा झाली. अश्विनीच्या मामांनी सगळ्यांसमोर बोट रोखलं. "परदेशाचं खूळ तुमचं, बाई! तुम्हाला फोटो हवेत पेपरात. आमची बहीण गेली त्याचं काय? पोरगी इथे असती तर वाचली असती ती!" बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "यादी मी केली होती. जबाबदारी माझी आहे. चूक माझी आहे." कोणीतरी "शेम, शेम" ओरडलं. मी दुसऱ्या रांगेत बसून माझ्या बुटांच्या नाड्या बघत होतो. त्यानंतर पालक मुलांना पाठवायला तयार होईनात, संस्थेनंही आमच्या शाळेची जागा बंद केली. निवृत्तीपर्यंत बाई नुसता भूगोल शिकवत राहिल्या. निरोपसमारंभाला पन्नासेक खुर्च्या मांडल्या होत्या, निम्म्या रिकाम्या राहिल्या. माझ्याशी मात्र त्या पहिल्यासारख्याच बोलायच्या, माझ्या मुलीच्या लग्नात आहेर घेऊन आल्या. त्या इतक्या नीट वागत, की मला त्यांच्यासमोर बसवत नसे.

म्हणून हा लेख. लिहून झाल्यावर मी तो घेऊन मुलुंडला बाईंकडे गेलो. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, डावा हात अजून उचलत नाही. त्यांनी लेख उजव्या हातात धरून पूर्ण वाचला. मी म्हटलं, "बाई, तुम्हाला ठाऊक होतं ना?" त्या म्हणाल्या, "डब्यातली पाकिटं बघितली तेव्हाच कळलं." "मग सभेत माझं नाव का नाही घेतलंत?" "तुमची दोन लहान मुलं होती, कदमसर. आणि तुमचं नाव घेऊन सुरेखाताई परत आल्या असत्या काय?" मग म्हणाल्या, "छापायला माझी हरकत नाही. पण अश्विनीला आधी सांगा. तिनं हे पुस्तकात वाचायला नको."

अश्विनी आता घाटकोपरच्या एका रक्ततपासणी केंद्रात नोकरी करते. मी तिथे गेलो, जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन बाहेर आली. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिनं डबा बंद केला.

"मला माहीत होतं सर," ती म्हणाली. "आई फोनवर सांगायची. सर हल्ली येत नाहीत, पण तू बाईंना बोलू नको हां, नाहीतर तुला परत बोलावतील. आणि मी नाही बोलले. मला तिथे राहायचं होतं ना."

तिनं डबा पिशवीत टाकला.

"इतकी वर्षं मला वाटतंय, की आईला मी मारलं," ती म्हणाली. "मी एक फोन केला असता तर बाई धावत गेल्या असत्या. मी गप्प बसले."

"ते काम माझं होतं, अश्विनी. तुझं नव्हतं."

"हो. तुमचं होतं." ती रडत होती आणि चिडलीही होती. "मग तेव्हाच सांगायचं होतंत ना सर! एवढं मोठं वाक्य आहे का ते?"

तिनं मला माफ केलेलं नाही. मी माफी मागितलीही नाही. तिनं एवढंच सांगितलं, की छापा, आणि माझं नाव बदलू नका.

हे ऐकून मी पुन्हा बाईंकडे गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी वाद घातला. गौरवलेखात शोभणार नाही, पण लिहितो. मी म्हटलं, "बाई, तुमचंही चुकलं. तुम्ही सगळा दोष इतक्या घाईनं अंगावर घेतलात, की कोणी पुढे काही विचारलंच नाही. मी सुटलो आणि ती पोरगी एकटी अडकली." बाईंनी उजव्या हातानं फोन जवळ ओढला. मग म्हणाल्या, "सगळं माझ्यावर आलं की तिच्याकडे कोणी बोट दाखवणार नाही, असं वाटलं होतं मला. तिचा नंबर द्या."

त्या रविवारी अश्विनी आली. दोघी आत काय बोलल्या ते मला माहीत नाही, मी बाहेर बसलो होतो. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक कागद होता. वर तिनं लिहिलं होतं: बाईंची कामं. रक्तदाबाच्या गोळ्या, हाताचा व्यायाम, बँक, किराणा. रविवार तिनं स्वतःकडे घेतला होता. मंगल दोन दिवस येणार होती, शेजारीण दोन दिवस. "मंगळवार-शुक्रवार राहिलेत," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत थांबली.

मी हात वर केला. ह्या वेळी कोणाला दाखवायला नाही.

तिनं माझं नाव पेन्सिलीनं लिहिलं. म्हणाली, "खूण करायची नाही सर. रिकाम्या पाकिटाचा फोटो पाठवायचा मला. दर वेळी." आतून बाईंचा आवाज आला, "अगं, सरांना चहा तरी दे." अश्विनीनं चहा दिला.

बाईंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, त्यांचा डावा हात पुन्हा उचलू दे, आणि सभेत त्यांना जे ऐकावं लागलं ते ऐकवणाऱ्या प्रत्येकाच्या हाती हा ग्रंथ पडो, एवढंच मागणं आहे. अजून लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण आज मंगळवार आहे. मला मुलुंडला जायचंय.