सहा ते सात फोन माझ्याकडे

आमच्या ह्यांना 'नाही' म्हणता येत नव्हतं. लोक त्याला मोठं मन म्हणायचे, मी खोड म्हणायचे. हे चर्चचे पाळक, आणि पाळक म्हणजे मंडळीचा हक्काचा माणूस, हे मलाही कळतं हो. पण हक्क तरी किती गाजवायचा? माईक बिघडला, पाळकसाहेब. टाकीचा नळ गळतोय, पाळकसाहेब. नवराबायकोचं वाजलं, पाळकसाहेब. शाळेचा फॉर्म भरायचाय, तरी पाळकसाहेबच. आणि हे निघाले चपला घालून! मी घरी शाळेचे गणवेश शिवते. मशीनवरून मान वर करून विचारायचे, "जेवायला कधी?" तर फाटकाबाहेरून उत्तर यायचं, "आलोच." ते 'आलोच' म्हणजे चार तास.

मग एकदा फजिती झाली. आजारी सुताराला धीर द्यायला म्हणून गेले, त्याच्या पलंगाच्या कडेला बसून डोळे मिटले, "हे प्रभू" म्हणाले आणि बसल्या जागी झोपले. घोरायलासुद्धा लागले! सुतार बिचारा तापानं फणफणलेला. त्यानं स्वतःचं पांघरूण ह्यांच्या अंगावर घातलं, आणि त्याच्या बायकोनं मला फोन केला, "पाळकीणबाई, घेऊन जाता का साहेबांना?" मंडळीला आठवडाभर हसायला विषय मिळाला. मी नाही हसले. घरी आणून चांगलं फैलावर घेतलं.

हे शरमेनं एवढेसे झाले होते. दुसऱ्या दिवसापासून रोज पहाटे आतल्या खोलीत दार लावून प्रार्थनेला बसायला लागले. चौथ्या दिवशी बाहेर आले ते हातात कागद घेऊन. "उपदेश, प्रार्थना आणि शेवटच्या घटका मोजणारी माणसं, एवढंच माझं," म्हणाले. "बाकीचं वाटून टाकायचं." माईक वायरमनकडे गेला, फॉर्म निवृत्त हेडक्लार्ककडे, आजाऱ्यांच्या भेटी चौघीजणींकडे. आणि सकाळी सहा ते सात हे प्रार्थनेत. तेवढा वेळ ह्यांचा फोन माझ्याकडे.

"म्हणजे तुमचं ओझं माझ्या डोक्यावर!" मी म्हटलं.

"आलेल्या फोनचं काय करायचं ते तू ठरव. मी जाब विचारणार नाही."

यावर सगळ्यांत जास्त चिडली ती पहिल्या बाकावरची आजी. उपासनेला अर्धा तास आधी येऊन तोच बाक धरायची, म्हणून तिचं हे नाव. तिला दर दोन दिवसांनी छातीत धडधडायचं आणि पाळकच लागायचे. "देव चोवीस तास ऐकतो, ह्यांना मात्र एक तास सुट्टी!" असं मला सुनावलं तिनं. मी म्हटलं, "मग देवालाच सांगा ना थेट!" जीभच मेली अशी माझी. नंतर फार वाईट वाटलं, पण माफी काही मागितली नाही.

महिनाभरानं एका मंगळवारी सव्वासहाला फोन वाजला. आजीची सून होती. "सासूबाई घाबरल्यात, कुणीतरी या." मनात आलं, झालं हिचं सुरू. आतल्या खोलीचं दार वाजवायला हात वर केलाही होता. मग म्हटलं, रोजचंच तर आहे, मीच जाऊन येते. पाच घरं सोडून तर राहायची ती.

त्या दिवशी रोजचं नव्हतं. ओठ निळे पडलेले, धाप लागलेली. मला बघताच सून डॉक्टरांना आणायला पळाली. ह्यांना कळवायचं तर ह्यांचा फोन माझ्याच पिशवीत! धावत जाऊन बोलवावं म्हणून उठले, तर आजीनं माझं मनगट धरलं. काटकुळ्या हातात एवढं बळ कुठून आलं देव जाणे. सोडेचना.

"पाळक कुठे आहेत?"

"प्रार्थनेत."

"माझ्यासाठी?"

"हो, तुमच्यासाठीच," मी ठोकून दिलं.

तिनं डोळे मिटले. "मग इथली तू कर."

पाळकाची बायको असून मला कुणासमोर प्रार्थना करता येत नाही. प्रभूची प्रार्थना म्हणायला घेतली, तर मधली एक ओळच विसरले. ती आजीनं पुरवली, धापा टाकत, जराशी रागावूनच. पुढे मी माझ्याच शब्दांत बोलले. म्हटलं, देवा, मी हिला टाकून बोलले होते, मला क्षमा कर आणि हिला सांभाळ. "तिखट आहेस," आजी पुटपुटली, "पण आलीस." डॉक्टर पोचायच्या आत ती गेली.

घरी आले ती पाय ओढत. ह्यांच्या कागदावर लिहिलेलं काम, एका म्हातारीची शेवटची घटका, आणि मी दार वाजवलं नव्हतं. हे नुकतेच बाहेर येऊन चहा टाकत होते. सगळं एका दमात सांगून टाकलं. "आता बोला मला काय बोलायचं ते."

ह्यांनी गॅस बंद केला. डोळे भरून आले होते. "मी असायला हवा होतो," म्हणाले. मग विचारलं, "एकटी नव्हती ना?"

"नाही. हात धरून होते मी."

"प्रभूचे उपकार."

"अहो, पण मी तिच्याशी खोटं बोलले. निदान आज तिचं नाव तरी घेतलं होतंत का?"

"नाही गं," हे म्हणाले. "आज प्रार्थनेतल्या नावांची यादी उघडलीच नाही. बसलो आणि तुझंच नाव तोंडात आलं. तिला बळ दे, तिला बळ दे, एवढंच सात वाजेपर्यंत मागत राहिलो. का, ते मला कळत नव्हतं."

मी ओट्याला टेकून हमसाहमशी रडले. बावीस वर्षांच्या संसारात ह्या माणसानं पहिल्यांदा अख्खा एक तास मला दिला, आणि नेमकी मी घरात नव्हते! पण पोचला तो मला, आजीच्या पलंगापाशी. देवा, किती आभार मानू तुझे.